नकाशावरची रेघ पक्की होण्याआधी

दादरा आणि नगर हवेलीचे क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे चाळीस टक्के भाग जंगलाचा, आणि दमणगंगेवरच्या मधुबन धरणाच्या पाण्याखाली गेलेली जमीन आणखी वेगळी. उरलेल्या जागेत भाताची खाचरे, पाडे, गावठाणे, कारखाने, कामगारांच्या चाळी, रस्ते, शाळा आणि सिल्वासा शहर एवढे सगळे मावायचे आहे. २००१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे २ लाख २० हजार होती; २०११ मध्ये ती ३ लाख ४४ हजारांच्या घरात गेली. त्याच दहा वर्षांत शहरी वस्तीचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांच्या जवळ पोहोचले. जमीन तेवढीच राहिली, माणसे दीडपट झाली. अशा प्रदेशात कोणत्या सर्व्हे नंबरवर काय उभे राहणार, हा प्रश्न घराघराला लागू होतो.

त्याचे उत्तर शेवटी दोन कागदांवर उमटते: एक नकाशा आणि एक नियमावली. हे कागद तयार होत असताना कायदा रहिवाशाला बोलण्याची जागा देतो, पण ठरावीक टप्प्यावर, ठरावीक मुदतीत आणि लेखी. ती जागा नेमकी कुठे आहे आणि ती कशी वापरायची, हे इथे क्रमाने पाहू.

निर्णय कोण घेते

२२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाली. पुढची सात वर्षे वरिष्ठ पंचायतीच्या साहाय्याने इथला कारभार चालला आणि १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात विलीन होऊन केंद्रशासित झाला. २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश आहे.

या प्रदेशाला विधानसभा नाही. घटनेच्या कलम २४० प्रमाणे राष्ट्रपती इथल्यासाठी विनियम काढू शकतात. तसेच १९६१च्या दादरा व नगर हवेली अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे दुसऱ्या राज्यातला कायदा, गरजेप्रमाणे फेरबदल करून, केंद्र सरकार इथे लागू करू शकते. दैनंदिन कारभार प्रशासकाच्या नावाने चालतो. लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी म्हणजे खासदार, जिल्हा पंचायत, ग्रामपंचायती आणि सिल्वासा नगरपालिका. महाराष्ट्रात एखाद्या आरक्षणावर गावाचा आक्षेप असेल तर आमदार विधानसभेत तो विषय उपस्थित करतो. इथे ती पायरीच नाही.

आणखी एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. २०११च्या जनगणनेनुसार इथली निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे: वारली, कोकणा, धोडिया, कोळी, काथोडी, नायका, दुबळा. तरीही हा प्रदेश घटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे १९९६चा पेसा कायदा इथे लागू होत नाही. सीमेपलीकडच्या तलासरी तालुक्यात भूसंपादनाआधी ग्रामसभेचा सल्ला घेणे पेसाने बंधनकारक केले आहे. सीमेच्या अलीकडे तीच भाषा बोलणाऱ्या, त्याच कुळातल्या माणसांच्या ग्रामसभेला पेसाचा तो आधार मिळत नाही.

विधानसभा नाही आणि पेसाही नाही. म्हणून नियोजनाच्या कायद्यातली हरकतीची मुदत इथे इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त मोलाची ठरते.

कायदा गोव्याहून आलेला

इथल्या नगर नियोजनाचा पाया म्हणजे ‘गोवा, दमण व दीव नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९७४’. गोवा केंद्रशासित असताना झालेला हा कायदा पुढे दादरा व नगर हवेलीलाही लागू करण्यात आला. त्याखाली नियोजन व विकास प्राधिकरण काम करते. बांधकामाशी संबंध असलेला जो तो त्याला पीडीए म्हणतो. घर, चाळ, गोदाम किंवा कारखाना बांधायचा, जमिनीचे तुकडे पाडून प्लॉट करायचे किंवा असलेल्या इमारतीचा वापर बदलायचा, यातले बहुतेक सगळे कायद्याच्या भाषेत ‘विकास’ ठरते आणि त्याला लेखी परवानगी लागते.

महसूल खात्याची साखळी याहून वेगळी आहे. पोर्तुगीज काळातल्या अल्वारा आणि तेरेम या धारणापद्धती १९७१च्या भूसुधारणा विनियमाने मोडीत काढल्या आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन लागण्याचा मार्ग खुला केला. त्याच वर्षीच्या जमीन महसूल विनियमाखाली शेतजमीन बिनशेती करण्याची परवानगी महसूल यंत्रणा देते. लोक तिला एनए म्हणतात. एनए झाले म्हणजे हवे ते बांधता येईल, असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. एनएने जमिनीचा महसुली दर्जा बदलतो. तिथे काय आणि किती बांधायचे, हे नियोजनाचा नकाशा आणि नियम ठरवतात. कारखाना असेल तर प्रदूषण नियंत्रण समितीची संमती लागते ती निराळीच.

नकाशा सांगतो काय, नियम सांगतात किती

विकास आराखडा म्हणजे मुख्यतः नकाशा. त्यात प्रत्येक भागाला झोन दिलेला असतो: निवासी, व्यापारी, औद्योगिक, सार्वजनिक वापराचा, शेतीचा, हरित. त्याशिवाय भविष्यातले रस्ते आणि शाळा, दवाखाना, मैदान, बाजार यांच्यासाठीची आरक्षणे दाखवलेली असतात. आपल्या जमिनीवर रस्त्याची रेघ पडली तर त्या पट्ट्यात बांधकामाची परवानगी मिळत नाही. जमीन प्रत्यक्षात संपादन होवो न होवो, ती अडकून राहते.

विकास नियंत्रण नियम हा दुसरा कागद. नकाशाने निवासी म्हटलेल्या प्लॉटवर किती उंच, किती मजले, शेजाऱ्यापासून किती अंतर सोडून बांधायचे, हे तो सांगतो. यातल्या तीन गोष्टी कळल्या की बाकीचे नियम वाचणे सोपे जाते.

पहिली गोष्ट चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय. उदाहरणापुरते धरू: प्लॉट १,००० चौरस मीटरचा आणि एफएसआय १.५. मग सगळे मजले मिळून १,५०० चौरस मीटर बांधता येईल. दुसरी गोष्ट तळमजल्याचा व्याप. तो ४० टक्के असेल तर जमिनीवर ४०० चौरस मीटरच व्यापता येतील आणि १,५०० पुरे करायला जवळजवळ चार मजले चढावे लागतील. तिसरी गोष्ट सामासिक अंतर, म्हणजे चारही बाजूंनी मोकळी सोडायची जागा. दोन इमारतींच्या मधून अग्निशमनाचा बंब आत येणार की नाही, तळमजल्याच्या खोलीत दुपारी दिवा लावावा लागणार की नाही, हे या आकड्यावर ठरते.

नियमातला एक आकडा बदलला की शेकडो प्लॉटांवर परिणाम होतो. एफएसआय वाढला तर घरे वाढतात, पण गटार, पाणी आणि रस्ता पूर्वीइतकाच राहतो. म्हणून नकाशाइतकेच लक्ष नियमांच्या मसुद्याकडेही द्यायला हवे. आपली जमीन कुठल्याच आरक्षणात नाही म्हणून निश्चिंत झालेला माणूस शेजारच्या प्लॉटवरच्या बदललेल्या सामासिक अंतराने अडचणीत येऊ शकतो.

आराखडा कोणत्या पायऱ्या चढतो

१९७४च्या कायद्याने ठरवलेला क्रम असा आहे.

सुरुवातीला सरकार एखादा भाग ‘नियोजन क्षेत्र’ म्हणून जाहीर करते. मग प्राधिकरण त्या भागाचा सध्याच्या जमीन वापराचा नकाशा आणि नोंदवही तयार करते. कुठे शेत आहे, कुठे वस्ती, कुठे नाला, कुठे स्मशान, याची ही नोंद. ती तयार झाल्याची सार्वजनिक सूचना निघते आणि तिच्यावर ३० दिवसांत लेखी हरकती मागवल्या जातात.

या पायरीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, कारण अजून कुठला रस्ता किंवा आरक्षण दाखवलेले नसते. पण पुढचा सगळा आराखडा याच नकाशावर बेततात. पाड्याची वाट, बायका पाणी भरतात ती विहीर, गुरे चरतात तो माळ, देवाची जागा यांची नोंद इथे राहून गेली, तर नियोजनकर्त्याच्या टेबलावर ती जागा रिकामी दिसते. रिकाम्या दिसणाऱ्या जागेतूनच रस्ते काढले जातात. म्हणून सध्याच्या वापराच्या नकाशावरची हरकत ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक हरकत आहे.

त्यानंतर ओडीपी या नावाने ओळखला जाणारा रूपरेषा विकास आराखडा तयार होतो. सरकारने त्याला तात्पुरती मान्यता दिली की तो लोकांपुढे ठेवला जातो. नकाशाच्या प्रती कुठे पाहायला मिळतील हे सूचनेत सांगितलेले असते आणि हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत असते. आलेल्या हरकती समितीपुढे जातात आणि तिथे लोकांचे म्हणणे ऐकले जाते. समितीचा अहवाल लक्षात घेऊन प्राधिकरण आराखड्यात बदल सुचवते आणि तो अंतिम मान्यतेसाठी सरकारकडे पाठवते. अंतिम मान्यता मिळून तो प्रसिद्ध झाला की प्रत्येक परवानगी त्याच्याशी ताडून दिली किंवा नाकारली जाते. त्यानंतरचा बदल शक्य असतो, पण तो दुरुस्तीच्या वेगळ्या आणि लांबच्या मार्गाने.

महाराष्ट्रात हेच काम १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली होते. तिथे हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. मुदती आणि समित्या वेगळ्या असल्या तरी तत्त्व एकच: मसुदा उघडा ठेवा, लोकांचे लेखी म्हणणे घ्या, ते ऐका आणि मगच रेघ पक्की करा.

नकाशा वाचताना

नकाशा पाहायला जाताना जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा आणि सर्व्हे नंबर बरोबर असावा. नकाशाच्या कोपऱ्यातली रंगसूची आधी पाहावी. बहुतेक नकाशांत पिवळा रंग निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक आणि हिरवा शेती किंवा मोकळ्या जागांसाठी वापरतात, पण खात्री सूचीवरूनच करावी. मग आपला सर्व्हे नंबर शोधून चार गोष्टी टिपाव्यात: आपला झोन कोणता, आपल्यावरून किंवा शेजारून रस्त्याची रेघ जाते का आणि तिची रुंदी किती, कुठले आरक्षण आहे का, आणि भोवतालचे झोन कोणते. चौथी गोष्ट अनेकदा राहून जाते. आपले घर निवासी झोनमध्ये असून कुंपणापलीकडे औद्योगिक झोन असेल तर धूर आणि ट्रक आपल्याच दारात येणार आहेत.

नकाशावर दिसते त्याच्याशी जमिनीवरची स्थिती जुळते का, हे प्रत्यक्ष चालून पाहावे. ओढा पावसाळ्यात किती पसरतो, हे उन्हाळ्यात केलेल्या पाहणीला दिसत नाही. दमणगंगेच्या काठच्या लोकांना ते पिढ्यान्पिढ्या माहीत असते. ही माहिती कागदावर आणणे हेच स्थानिक माणसाचे सगळ्यात मोठे योगदान.

हरकत लिहिताना

‘आमचा या आराखड्याला विरोध आहे’ एवढेच लिहिलेला अर्ज नोंदवला जातो, पण त्यावर समितीला काही करता येत नाही. समितीसमोर अर्जांचा ढीग असतो आणि प्रत्येकावर मान्य, अमान्य किंवा अंशतः मान्य असा शेरा मारायचा असतो. अर्जाने तिचे काम सोपे केले पाहिजे. त्यासाठी त्यात पाच गोष्टी असाव्यात.

एक, जागेची ओळख: गाव, सर्व्हे नंबर, नकाशाच्या पत्रकाचा क्रमांक. दोन, मसुद्यात नेमके काय प्रस्तावित आहे. तीन, जागेवर प्रत्यक्षात काय आहे आणि त्याचा पुरावा: उतारा, जुनी घरपट्टी, वीजबिल, तारखेसह फोटो. चार, प्रस्तावाने होणारे नुकसान, ते फक्त आपले आहे की सगळ्या वस्तीचे. पाच, पर्याय. पाचवा मुद्दा सगळ्यात वजनदार असतो, कारण नियोजनकर्त्याला रस्ता कुठून तरी काढायचाच असतो.

नमुना म्हणून एका काल्पनिक पाड्याचा मजकूर पाहा: ‘प्रस्तावित १८ मीटर रस्ता आमच्या पाड्यातील अकरा घरांवरून आणि सार्वजनिक विहिरीवरून जातो. सध्याच्या जमीन वापराच्या नकाशात ही घरे दाखवलेली नाहीत. पाड्याच्या पूर्वेला असलेली बैलगाडीची वाट रुंद केल्यास एकही घर न पाडता रस्ता त्याच ठिकाणी जोडता येईल. सोबत घरपट्टीच्या पावत्या, फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडला आहे. आम्हाला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी आणि समितीने जागेची पाहणी करावी, ही विनंती.’ यात राग नाही, पण खोडायला कठीण असे सगळे आहे.

अर्ज आवक नोंदवून द्यावा आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी. ज्याचे नुकसान होते त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावाच. त्याशिवाय पाड्याचा सामूहिक अर्ज आणि ग्रामसभेचा ठराव जोडावा. हा ठराव आराखडा अडवू शकत नाही, पण म्हणणे एकट्यादुकट्याचे नसल्याचा तो अधिकृत पुरावा असतो. मंजूर टिपण किंवा नकाशाची प्रत मिळत नसेल तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली ती मागता येते. उत्तराला साधारण ३० दिवस लागतात, म्हणून हा अर्ज मुदतीच्या पहिल्याच आठवड्यात टाकावा.

सुनावणीत वेळ थोडा मिळतो. सगळा अर्ज वाचून दाखवण्यापेक्षा नकाशावर बोट ठेवून जागा दाखवावी, अडचण एका वाक्यात सांगावी आणि पर्याय दुसऱ्या वाक्यात. पाड्यावरच्या वयस्कर माणसाला वारलीत किंवा कोकणीत बोलायचे असेल तर सोबत समजावून सांगणारा माणूस न्यावा. राजपत्राची भाषा आणि पाड्यावरची भाषा एक नसते. मधले अंतर पंचायतीने, शिक्षकांनी आणि शिकलेल्या तरुणांनी भरून काढायला हवे.

गोवा आणि मुंबईने काय दाखवले

याच कायद्याच्या मूळ भूमीत, गोव्यात, २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. शेती, डोंगरउतार आणि वनभाग मोठ्या प्रमाणात बांधकामासाठी खुले झाल्याचे लोकांच्या लक्षात आले आणि गोवा बचाव अभियानाने गावोगाव तो विषय नेला. २००७च्या सुरुवातीला सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. पुढे नेमलेल्या कृती दलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. नव्या आराखड्याच्या तयारीत गावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवून ग्रामसभांची मते मागवली गेली. आधी विचारले असते तर टळली असती अशी वर्षे मध्ये गेली.

२०२३ मध्ये गोव्याने कायद्यात कलम १७(२) घालून, आराखड्यातल्या ‘अनवधानाने राहिलेल्या चुका’ एकेका अर्जावर दुरुस्त करण्याची वाट उघडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालचे नियम रद्द केले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. गोव्याची ती दुरुस्ती सिल्वासाला आपोआप लागू होत नाही. पण दादरा व नगर हवेलीवर अधिकारक्षेत्र मुंबई उच्च न्यायालयाचेच आहे आणि मूळ कायदाही एकच. त्यामुळे एकेका प्लॉटचा झोन परस्पर बदलण्याबद्दल न्यायालय काय म्हणते, ते इथल्या लोकांनीही वाचायला हवे.

मुंबईचा २०३४चा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा म्हणून आला. उभ्या इमारतींवरून रस्ते, चुकीची आरक्षणे, आरे वसाहतीत बांधकामाला वाव, अशा चुका रहिवासी संघटनांनी वॉर्डनिहाय दाखवल्या आणि हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने मसुदा नव्याने करायला सांगितले. सुधारित आराखडा २०१६ मध्ये पुन्हा लोकांपुढे आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. मोठ्या घोषणांपेक्षा, आपापल्या गल्लीचा नकाशा तपासून दाखवलेल्या नेमक्या चुकांनी तो मसुदा मोडला.

आराखड्यानंतर काय उरते

आराखडा पक्का झाल्यावरही काही दरवाजे उघडे असतात. २०१३च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची सुनावणी आणि प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकत, अशी सोय आहे. २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली ठरावीक मोठ्या प्रकल्पांसाठी किमान ३० दिवस आधी सूचना देऊन जनसुनावणी घ्यावी लागते, तिचे चित्रीकरण होते आणि स्थानिक भाषेत सारांश उपलब्ध करावा लागतो.

पण याच अधिसूचनेतून इमारत बांधकाम आणि वसाहत विकासाचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळलेले आहेत. मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांनाही ती सूट मिळू शकते. एखादी मोठी गृहसंकुल योजना आराखड्यातल्या निवासी झोनमध्ये बसत असेल, तर तिच्या परवानगीच्या वेळी शेजाऱ्यांना कोणी विचारत नाही. विचारायची वेळ होती ती झोन ठरला तेव्हा. म्हणून पुढच्या सगळ्या मार्गांवर भिस्त ठेवून आराखड्याची मुदत सोडणे महागात पडते.

ही मुदत कधी येईल, हे आधी सांगता येत नाही; तयारी मात्र आजपासून करता येते. प्रत्येक घराने आपला सर्व्हे नंबर आणि उतारा जवळ ठेवावा. प्रत्येक पाड्याने आपल्या वाटा, विहिरी, ओढे, स्मशान आणि देवस्थाने दाखवणारा हाताने काढलेला नकाशा करून ग्रामसभेत नोंदवून घ्यावा. राजपत्रातली आणि वर्तमानपत्रातली नियोजनाची सूचना कोण पाहणार, ती पाड्यावर कोण वाचून दाखवणार, हे पंचायतीने ठरवून ठेवावे. नियोजन क्षेत्राची घोषणा झाली की मग ३० दिवस आणि दोन महिने या मुदती अपुऱ्या वाटणार नाहीत. विधानसभा नसलेल्या या प्रदेशात जमिनीबद्दल सरकारला लेखी सांगण्याचा आणि ते ऐकायला लावण्याचा हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि तो बजावणाऱ्याच्याच कामी येतो.